हाताखालची अकरा मिनिटं

दिवा हिरव्याचा पिवळा झाला, तेव्हा अनंत परबच्या हातांना काहीच कळलं नाही. शाळेच्या सभागृहातल्या सतरंजीवर तो गुडघे टेकून बसला होता. समोर कमरेपाशी संपणारा रबरी पुतळा, आणि त्याच्या छातीवर एकावर एक ठेवलेले स्वतःचे दोन तळवे, खाली-वर, खाली-वर. भोवती सव्वीस शिक्षक, मागे दाराशी चहाचा ट्रे धरून उभी असलेली शाळेची शिपाई द्रौपदी इंगळे, आणि शेजारी उकिडवी बसलेली श्वेता नावाची मुलगी. हृदय बंद पडलेल्या माणसाची छाती कशी दाबायची हे ती शिकवायला आली होती. पाच आठवड्यांपूर्वी जे झालं त्यानंतर शाळेतल्या प्रत्येकाला हे आलंच पाहिजे असं विश्वस्तांनी ठरवलं होतं. मुख्याध्यापिका बाई उठून म्हणाल्या होत्या की आधी आमचे परब सर करतील, त्यांनी प्रत्यक्ष केलंय. टाळ्या झाल्या होत्या आणि अनंतनं बाह्या दुमडल्या होत्या. एकावन्नावं चालू होतं, पण सत्तावीस वर्षं मुलुंडच्या या शाळेत पीटी शिकवणाऱ्या माणसाचे दंड अजून बाहीत मावत नव्हते. तो मनात एक ते तीस मोजत होता, पुन्हा एक ते तीस. श्वास ठीक, कंबर ठीक, दम नाही. श्वेतानं विचारलं, सर, कसं वाटतंय? तो म्हणाला, अजून दहा मिनिटं करीन. हशा पिकला. श्वेता हसली नाही. तिनं पुतळ्याच्या खांद्याकडे बोट केलं. तिथला बारीक दिवा पिवळा होता, आणि सगळे बघत असतानाच तो लाल झाला.

"हेच मला दाखवायचं होतं," ती सगळ्यांना म्हणाली. "सर दमलेत. आणि सरांना ते माहीत नाही."

तिच्या बोलण्यात टोमणा नव्हता. असे पिळदार दंडाचे पुरुष ती रोज कुठल्या ना कुठल्या ऑफिसात बघत असणार, आणि रोज हेच वाक्य म्हणत असणार. तिनं पुढे सावकाश समजावलं. पहिल्या मिनिटानंतरच हात ढिले पडू लागतात. कोपर किंचित वाकतं, दोन इंच जायला हवं तिथे सव्वा इंच जातं, आणि त्याहून वाईट म्हणजे माणूस दमला की नकळत आपलं वजन त्या छातीवर ठेवून टेकतो. छाती पूर्ण वर येतच नाही. वर आली नाही तर हृदयात रक्त भरायचं कसं? मग वरून दाबत राहा, रिकामी पिशवी दाबल्यासारखं. आणि हे सगळं होत असताना दाबणाऱ्याला वाटत असतं की आपलं झकास चाललंय. म्हणून दर दोन मिनिटांनी माणूस बदलायचा. दमलात का असं त्याला विचारायचं नाही, कारण तो नाहीच म्हणणार. नुसतं बदलायचं. सगळे शिक्षक वहीत लिहून घेत होते. अनंत अजून गुडघ्यांवरच होता. पाच आठवड्यांपूर्वी याच शाळेच्या मैदानावर एक माणूस गेला हे तिला कुणी सांगितलं असेल. तो कुणाच्या हाताखाली गेला हे सांगितलं नसावं. त्यानं मान वळवून दाराकडे पाहिलं. द्रौपदी दिव्याकडे बघत नव्हती. ती ट्रेवरचे कप एकमेकांना लागू नयेत म्हणून सरळ करत होती.

अकरा मिनिटं. हा आकडा त्याच्याकडे पक्का होता, कारण त्या सकाळी गळ्यात स्टॉपवॉच होतं आणि दोरीला लटकून ते मैदानात पडलेल्या घाडीच्या शर्टाच्या बटणांवर टकटक आपटत होतं. अकरातून दोन गेले, नऊ. ही वजाबाकी त्यानं तिथेच, सतरंजीवर केली, आणि मग ती थांबेना. पुढचे कित्येक दिवस ती चालूच राहिली, रांगेत मुलांची उंची बघताना, कांजूरमार्गच्या घरून स्कूटरवर येताना सिग्नलला, जेवताना. नऊ मिनिटं म्हणजे किती? दहावीची मुलं नऊ मिनिटांत मैदानाला सहा फेऱ्या मारतात. आणि दोन मिनिटं तरी चांगली होती, हे तरी कशावरून? इथे पुतळा होता, पंखा होता, मन शांत होतं. तिथे तर पहिल्याच मिनिटाला हाताखाली काहीतरी कटकन मोडलं होतं, वाळलेली काडी मोडावी तसं, आणि ती बरगडी होती हे कळूनही तो थांबला नव्हता. मोडल्यावर छाती हाताखाली सोपी झाली होती. त्याला ते बरं वाटलं होतं. आता चांगलं जातंय, असं वाटलं होतं. त्याला तेव्हा काय काय वाटत होतं त्यातलं एक एक आता तो उचलून बघे, आणि प्रत्येकाखाली लाल दिवा असे.

गुरुवार होता, डिसेंबरचा, सकाळचे दहा वाजून गेले होते. शनिवारी क्रीडा महोत्सव, म्हणून दहावीच्या मुलांचा रिलेचा सराव चालू होता. चंद्रप्रकाश घाडी मैदान ओलांडून आला. गणिताचा शिक्षक, तीन वर्षांपासून पर्यवेक्षक. सोमवारपासून सराव परीक्षा आहे, दहावीची मुलं वर पाठव, असं तो म्हणाला. चढ्या आवाजात नव्हे. जरा दमल्यासारखाच म्हणाला, आणि ते आता आठवतं. अनंत म्हणाला, शनिवारनंतर. घाडी म्हणाला की ते तुझ्या-माझ्या हातात नाही रे, वरून आलंय. 'वरून' हा शब्द ऐकून अनंतच्या डोक्यात तिडीक गेली आणि चाळीस मुलांसमोर तो म्हणाला, "तुम्ही तुमची गणितं सांभाळा, घाडी सर. मैदानात पाय ठेवायचा नाही." घाडीनं काहीतरी बोलायला तोंड उघडलं. मग तो वळला. सात-आठ पावलं गेला, बुटाची नाडी बांधायला बसावं तसा खाली बसला, आणि बसल्या बसल्या एका कुशीवर कलंडला. एक मुलगा हसला सुद्धा. त्याला वाटलं सर गंमत करतायत.

ते वाक्य कुणीच पुढे काढलं नाही. मुलं विसरली असतील किंवा घाबरली असतील. शाळेत जे राहिलं ते वेगळंच होतं. परब सर धावले, परब सरांनी छातीला कान लावला, आणि रुग्णवाहिका रस्त्यावरच्या खोदकामातून वाट काढत येईपर्यंत परब सर एकटे, अकरा मिनिटं, क्षणभर न थांबता. रुग्णवाहिकेतल्या माणसानं त्याला बाजूला करत विचारलं होतं, किती वेळ? एकटेच? आणि एकटाच म्हटल्यावर एक नजर टाकली होती. पाच आठवडे ती नजर अनंतनं कौतुकाची समजून जपली होती. रुग्णालयातला डॉक्टर म्हणाला होता, इतका वेळ एकट्यानं कुणी करत नाही. हेही त्यानं कौतुकातच जमा केलं होतं. आता ती दोन्ही वाक्यं तो पुन्हा ऐके, त्यांचा सूर आठवायचा प्रयत्न करी, आणि सूर काही आठवत नसे. आणि तेराव्या दिवशी घाटकोपरला घाडीच्या घरी त्याच्या बायकोनं, प्रेमावहिनीनं, त्याचे दोन्ही हात आपल्या हातांत घेऊन डोळ्यांना लावले होते. "तुम्ही शेवटपर्यंत सोडलं नाहीत, भावोजी," ती म्हणाली होती. तेव्हा तो ढसाढसा रडला होता. रडताना आत कुठेतरी एक गारवाही पसरला होता, की चला, फिटलं.

काय फिटलं होतं, हे त्याला आता नीट बघावं लागत होतं. दोघं एकाच जूनमध्ये शाळेत लागले, अनंत चार महिने आधी हंगामी होता म्हणून तो वरचा. दोघांचेही वडील गिरणीत, दोघंही मालवणकडले, एकाचं बिऱ्हाड पुढे घाटकोपरला गेलं, एकाचं कांजूरला. चोवीस वर्षं मधल्या सुट्टीत दोघांचे डबे एकत्र उघडत. 'चंद्या' आणि 'अन्या'. मग पर्यवेक्षकाची जागा निघाली आणि सेवाज्येष्ठतेनं अनंतची असताना ती घाडीला गेली, कारण पीटीचा माणूस खुर्चीत बसवणं विश्वस्तांना पटलं नाही. घाडी त्या दिवशी स्वतः मैदानावर आला होता. अन्या, माका काय ठावक नाय रे, असं म्हणाला होता. अनंतनं हात पुढे केला, अभिनंदन घाडी सर म्हणाला, आणि त्या दिवसापासून त्याला दुसऱ्या कुठल्या नावानं हाक मारली नाही. भांडण नाही, तक्रार नाही, नुसतं 'घाडी सर'. एकटे असतानाही. घाडीचा चेहरा दर वेळी किंचित आक्रसे आणि अनंतला ते दिसे. तीन वर्षं तो रोज एकदा तरी ते बघायचाच.

मग त्या मैदानावर गुडघे टेकले तेव्हा त्याला काय हवं होतं? घाडी वाचायला हवा होता, यात खोट नव्हती. पण दुसऱ्या कुणाच्या हातानं वाचला असता तर ते त्याला चाललं असतं का? इथे येऊन त्याचं मन अडेल घोड्यासारखं थांबे. कारण द्रौपदी आली होती. पाण्याच्या टाकीकडून ती धावत आली होती, घाडीच्या पलीकडच्या बाजूला गुडघ्यांवर बसली होती, पदर खोचला होता आणि म्हणाली होती, सर, दोन मिनिटं झाली, बदला, मी घेते. तिला येतं, हे त्याला माहीत होतं. शाळेत लागण्याआधी नऊ वर्षं ती एका नर्सिंग होममध्ये आया होती, हे सगळ्यांनाच माहीत होतं. कुणा मुलाच्या नाकातून रक्त आलं की तिलाच बोलावत. तो नको म्हणाला. थोड्या वेळानं ती पुन्हा म्हणाली, आणि या वेळी नुसतं बदला म्हणाली नाही. सर, हात वर येत नाहीयेत, सोडा. तेव्हा तो ओरडला होता, "बाजूला हो!" एरवी तो तिला ताई म्हणे, अहो-जाहो करी. त्या क्षणी ते सगळं गळून पडलं आणि आत जे होतं ते बाहेर आलं. तिच्या जागी वर्गावरचा कुणी सर असता तर तो असं ओरडला असता का? तिचं आडनाव इंगळे नसतं तर? या प्रश्नापर्यंत तो दोन-तीनदा आला आणि दोन-तीनदा परत फिरला. आपल्या घरात असलं काही नव्हतं, वडील युनियनवाले होते, सगळ्यांच्या पंगतीत जेवायचे. हे त्यानं स्वतःला सांगितलं, आणि सांगावं का लागलं हेही त्याच्या लक्षात आलं.

एका रविवारी दुपारी त्यानं दिवाणावरचा लोड जमिनीवर घेतला, मोबाइलवर वेळ लावली आणि दाबायला सुरुवात केली. लोडाला दिवा नव्हता, पण त्यानं आरशासमोर बसून स्वतःच्या कोपरांवर नजर ठेवली होती. एक मिनिट दहा सेकंद. कोपरं वाकली. वाकलेली त्याला दिसली, जाणवली नाहीत. दिसल्यावर त्यानं ती ताठ केली, आणि वीस सेकंदांत ती पुन्हा वाकली, एखादं मूल दटावल्यावर सरळ बसतं आणि पुन्हा पोक काढतं तशी. सहाव्या मिनिटाला तो जवळजवळ लोडावर निजलेला होता, आणि तरीही आतून कुणीतरी सांगत होतं, मस्त चाललंय, सोडू नकोस. त्या आतल्या आवाजाला तो ओळखत होता. वडिलांचा होता तो. थकवा मनात असतो, पायांत नसतो, असं ते गिरणीत साच्यावरची पाळी संपवून आल्यावर म्हणत, आणि सत्तावीस वर्षं हेच वाक्य तो मुलांना सांगत आला होता. पोटात दुखतंय म्हणणाऱ्या, रडकुंडीला आलेल्या किती मुलांना त्यानं त्या वाक्यावर आणखी एक फेरी मारायला लावली असेल. लता, त्याची बायको, स्वयंपाकघरातून हात पुसत आली आणि दारात थांबली. अहो, काय चाललंय, असं तिनं विचारलं. तो म्हणाला, व्यायाम. मग तिनं त्याला आठवण करून दिली की चंद्रप्रकाश भावोजींना जाऊन आता दीड महिना झाला, आणि तुम्ही तुमचं सोडून कुणाचं काही ऐकत नाही हे मला बावीस वर्षं माहीत आहे, पण आता जरा झोपा. ते ती प्रेमानंच म्हणाली होती.

सव्वीस जानेवारीच्या झेंडावंदनाला विश्वस्त त्याचा सत्कार करणार होते. शाल, श्रीफळ, मानपत्र. मानपत्राचा मजकूर मराठीच्या बाईंनी लिहिला होता आणि त्यात 'अविरत' हा शब्द दोनदा होता. तो मुख्याध्यापिका बाईंकडे गेला आणि मला हे नको म्हणाला. का, असं त्यांनी विचारलं. माझ्याकडून नीट झालं नव्हतं, तो म्हणाला. बाईंचे डोळे भरून आले. दुसऱ्या दिवशी शिक्षकसभेत त्यांनी हे सगळ्यांना सांगितलं, की बघा, याला म्हणतात विनय. आता टाळ्या आणखी जोरात वाजल्या. त्याच्या ध्यानात आलं की आपण जितकं मागे सरू तितके उंच होत जाणार, आणि खरं सांगितलं तर तेही मानपत्रात जाईल. खरं काय होतं, हे माहीत असलेलं माणूस शाळेत एकच होतं. आणि ते तर रोज सकाळी त्याच्या समोरून 'गुड मॉर्निंग सर' म्हणत जात होतं.

द्रौपदी त्याला टाकीपाशी सापडली, बालवर्गाच्या बाटल्या भरताना. नळ चालू होता. त्यानं फारसं आडवळण घेतलं नाही. त्या दिवशी माझे हात केव्हापासून वर येत नव्हते, असं विचारलं. ती बाटल्या भरतच राहिली. पुतळ्याच्या दिवशीच मला वाटलं होतं तुम्ही विचाराल, ती म्हणाली. मग म्हणाली, लवकरच. दोन मिनिटांनंतर लगेच. मी पहिल्यांदा बोलले ना, तेव्हाच. त्यानं विचारलं, तुम्ही माझ्याकडून घेतलं असतं तर ते वाचले असते का?

"ते मला नाही सांगता येणार सर. वॉर्डात सगळं नीट करूनही माणसं जायची. जास्त करून जायचीच." तिनं नळ बंद केला. "पण माझी दोन मिनिटं चांगली झाली असती."

मग जे बोलायचं नव्हतं तेच तोंडातून गेलं. मला ढकललं का नाही, असं तो म्हणाला. जणू चूक तिची. तिनं पहिल्यांदा त्याच्याकडे सरळ पाहिलं.

"सरांना ढकलणारी शिपाईबाई दुसऱ्या दिवशी कुठे असते? आणि माझ्या हाताखाली गेले असते म्हणजे? सगळे हेच म्हणाले असते ना, परब सर करत होते, मध्येच द्रौपदीनं हात घातला." ती वाकून बाटल्यांची झाकणं लावू लागली. "तुम्ही बाजूला हो म्हणालात, मग मी त्यांच्या डोक्याशी जाऊन बसले. कुणीतरी बसायला पाहिजे." शेवटचं झाकण लावून झाल्यावर तिनं सांगितलं की ऑफिसात माझं नाव घेऊ नका, सर. तुमचं मन हलकं होईल, माझी वाट लागेल. क्रेट तिनं कमरेवर घेतला. तो पुढे झाला, पण तोवर ती निघाली होती.

मुख्याध्यापिकेला सांगून उपयोग नव्हता, द्रौपदीला सांगायचं काही उरलं नव्हतं. राहिली प्रेमा. सव्वीस जानेवारीला तीन दिवस असताना तो शेवटचा तास दुसऱ्याला देऊन निघाला आणि स्कूटर घाटकोपरच्या दिशेनं घातली. वाटेत तो वाक्यं जुळवत होता आणि मोडत होता. सांगून तिचं काय भलं होणार होतं? आज ती एवढ्यावर टेकून होती की आपल्या माणसासाठी कुणीतरी शेवटपर्यंत झटलं. ते काढून घ्यायला तो निघाला होता. कशासाठी? तर स्वतःच्या छातीवरचा दगड उतरावा म्हणून. विक्रोळीच्या सिग्नलला तो वळायच्या बेतात होता. मागचे हॉर्न वाजवायला लागले आणि तो सरळ गेला. पंतनगरमधल्या त्या जुन्या इमारतीचा जिना चढताना दुसऱ्या मजल्यावर त्याला दम लागला. दमाबद्दल त्याला आता एक विचित्र कृतज्ञता वाटू लागली होती. निदान हा तरी कळत होता.

प्रेमा एकटीच होती. मुलगा सर्वेश अंधेरीला कामावर जाऊ लागला होता. तिनं पाणी दिलं, चहा ठेवते म्हणाली, तो नको म्हणाला. घाडीचा फोटो भिंतीवर लागला होता, पर्यवेक्षक झाला तेव्हाच काढलेला. अनंतनं फोटोकडे पाठ होईल अशी खुर्ची निवडली आणि मग ते लक्षात येऊन उठला, दिवाणावर फोटोसमोर बसला. त्यानं सगळं सांगितलं. आधी मैदानावरचं वाक्य, जसंच्या तसं. मग अकरा मिनिटं, मग पुतळा, दिवा, आणि दोन मिनिटांचा नियम. माझ्या शेजारी माझ्यापेक्षा चांगलं येणारं माणूस दोनदा बदला म्हणत होतं आणि मी बदललो नाही. मी नऊ मिनिटं नुसता त्याच्यावर टेकून होतो, वहिनी, सोडलं नाही हीच माझी चूक झाली. हे बोलून झाल्यावर तो थांबला. शिव्या येतील, रडणं येईल किंवा 'असं बोलू नका, भावोजी' येईल, असं त्याला वाटलं होतं, आणि तिन्हींची त्यानं तयारी केली होती.

साडीच्या काठावरचा एक सुटलेला धागा प्रेमा बोटाला गुंडाळत राहिली. मग म्हणाली, "मग आता मी काय करू याचं?"

ती रागावून बोलली नव्हती. खरंच विचारत होती, दारात कुणी भलं मोठं खोकं आणून ठेवावं आणि हे घरात कुठे मावेल असं विचारावं, तसं. माफ करा म्हणाल तर करते, ती म्हणाली, त्यात काही नाही. तुम्ही दोघं तीन वर्षं काय करत होतात ते मला माहीत होतं. संध्याकाळी घरी यायचे ते तोंड पाडून. आज अन्या बोलला का, असं मी विचारायची, आणि ते म्हणायचे, सर म्हणाला. तो खाली बघत राहिला. आपण रोज एकदा बघायचो तो चेहरा या खोलीत येऊन कसा बसत असेल, हे त्यानं तीन वर्षांत एकदाही मनात आणलं नव्हतं.

"मला दुसरंच विचारायचंय," प्रेमा म्हणाली. "दीड महिना झाला, सगळे मला तुमचंच सांगतात. तुम्ही किती दाबलं, तुम्हाला किती घाम आला. त्यांचं कुणी काही सांगत नाही. त्यांचे डोळे उघडे होते?"

हो, तो म्हणाला. निदान त्याला तसं वाटत होतं.

"कुठे बघत होते?"

त्यानं आठवायचा प्रयत्न केला. घाडीच्या शर्टाची बारीक निळी रेघ त्याला आठवत होती, तिसरं बटण तुटलेलं आठवत होतं, स्वतःच्या मनगटावरचे केस, त्यांवर जमलेले घामाचे थेंब, नखांखालची माती. अकरा मिनिटांतला इंच न् इंच त्याच्याकडे होता, आणि त्या सगळ्यात घाडीला तोंड नव्हतं. गळ्याच्या वर काही नव्हतं, त्या रबरी पुतळ्याला कमरेखाली काही नव्हतं तसं. आजवर मनात इतकी उलथापालथ केली, इतके आरोप ठेवले, पण तेही सगळे स्वतःच्या हातांवर. आणि चंद्या तिथेच, वीतभर अंतरावर होता.

"मी बघितलं नाही, वहिनी," तो म्हणाला. "मी माझ्या हातांकडेच बघत होतो."

"मग कुणीच बघितलं नाही?"

द्रौपदीचं नाव तोंडाशी आलं आणि तो अडखळला. ऑफिसात घेऊ नका, एवढंच ती म्हणाली होती. पण कुणाला सांगू नका असाच तिचा अर्थ असणार. त्यानं समोर बसलेल्या बाईकडे पाहिलं. धागा तिनं इतका घट्ट गुंडाळला होता की बोटाचं टोक पांढरं पडलं होतं.

"आमच्या शाळेत द्रौपदीताई आहेत," तो म्हणाला. "बदला म्हणत होत्या त्या त्याच. मी त्यांना बाजूला व्हायला सांगितलं, तेव्हा त्या त्याच्या डोक्याशी जाऊन बसल्या. शेवटपर्यंत तिथेच होत्या."

प्रेमानं श्वास घेतला तो लवकर सोडलाच नाही. हे मला इतके दिवस कुणी का सांगितलं नाही, असं तिनं विचारलं नाही. तिनं त्यांचं डोकं मांडीवर घेतलं होतं का, असं प्रेमानं विचारलं. त्याला ते माहीत नव्हतं. काही बोलत होती का ती त्यांच्याशी? तेही माहीत नव्हतं. तिच्या प्रत्येक प्रश्नाला त्याच्याकडे नाही हेच उत्तर होतं, आणि तरी ती विचारत राहिली. विचारताना तिचा चेहरा हळूहळू बदलत गेला, जणू नवऱ्याच्या त्या अकरा मिनिटांत आत शिरायला तिला एक दार सापडलं होतं आणि ते उघडणारं माणूस समोर बसलेला हा नव्हता. मी तिला भेटेन, ती म्हणाली. शाळेत नको, तिथे सगळे जमतील. ती इथे येईल का?

तो म्हणाला, त्यांना शाळेत कुणाला कळायला नको आहे, त्यांची नोकरी आहे. मी त्यांना विचारतो. त्या हो म्हणाल्या तरच.

"विचारा. नाही म्हणाली तर मी तिच्या घरी जाईन म्हणावं, एकटीच." ती उठून उभी राहिली. "कितीला सुटते ती?"

"सहाला."

प्रेमानं भिंतीवरच्या घड्याळाकडे पाहिलं. पाचला दहा कमी होते. बोटाचा धागा तिनं सोडवला, पुढे होऊन दाराची कडी काढली आणि दार सताड उघडून धरलं.

"मग निघा, भावोजी," ती म्हणाली. "बसू नका."